खर्ज

दुकानाच्या मागच्या खोलीत सात फ्रिज होते,
सहा मेलेले, एक चालू.
मिस्टर ब्रॉडनॅक्स म्हणाले, वर्लीन, आधी ऐक.
ऐकलं. रस्त्यावर बर्फ खरवडणारं एक फावडं,
बाकी काही नाही.
मग त्यांनी चालू फ्रिजची पिन उपसली
आणि खोलीतून कुणीतरी उठून गेलं.
हं, म्हणाले, हे जे गेलं ना,
ते वाजवायला शिकायचंय तुला.

मी डेट्रॉइटची. सेहेचाळीस वर्षांची.
शाळेची पिवळी बस चालवते.
तळहातांना स्टिअरिंगचे घट्टे आहेत,
पण बेसच्या तारेला ते चालत नाहीत.
तिला बोटांची टोकं हवी असतात
आणि तिथली माझी कातडी
अजून तान्ह्या पोराची होती.

पहिलं गाणं दोन सुरांचं.
माझी आई कपड्यांना इस्त्री करताना लावायची ते.
तीस वर्षं मी त्यावर नाचले, एकदा रडलेही,
आणि तळाशी फक्त दोन सूर आहेत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
फसवल्यासारखं वाटलं. म्हटलं, एवढंच?
एवढंच, म्हणाले. आता चार मिनिटं कर.

चार मिनिटं म्हणजे काय असतात ते कळलं.
पहिल्या मिनिटाला बोटं घाबरतात.
दुसऱ्या मिनिटाला त्यांना वाटू लागतं
आपण कुणीतरी आहोत,
एखादा जादा सूर टाकावा, जरा नखरा करावा.
त्यांनी पान्याने टेबलावर टकटक केलं.
कॉम्प्रेसर कधी गातो का, म्हणाले.

दुसऱ्या गाण्यात तीन सूर आणि एक खड्डा.
खड्डाच मला जमेना.
रिकामी जागा आली की माझा हात धावायचा भरायला.
आठवडाभर रोज रागावून घरी गेले.
मग एका सकाळी मॅक अव्हेन्यूच्या थांब्यावर
तो लाल टोपीचा मुलगा आला नव्हता.
तरी मी थांबले, जशी रोज थांबते.
दार उघडलं. थंडी आत आली. चार मोजले.
दार लावलं, निघाले.
आणि पुढच्या सिग्नलपर्यंत एकटीच हसत होते.

तिसरं, तळघराच्या पायऱ्यांसारखं,
चार वर, चार खाली,
कपड्यांची टोपली कमरेला,
पायांकडे बघायचं नाही.

मार्चमधल्या एका शुक्रवारी चर्चच्या तळघरात
मासे तळायचा कार्यक्रम होता.
ड्रमवर माझ्या बहिणीचा नवरा क्लीव्हन,
गायला जोनेल, गुडघ्यापर्यंत बूट घालून.
मी कोपऱ्यात, केचपच्या डब्यांना पाठ लावून.
दोन सुरांचं गाणं सुरू झालं.
कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.
लोकांच्या हातात कागदी थाळ्या होत्या
आणि थाळ्या हलत होत्या.

मध्येच माझ्याच टाचेखाली वायर आली.
पिन निसटली.
जोनेल गातच होती, क्लीव्हन वाजवतच होता,
एकही ठोका चुकला नाही,
पण थाळ्या थांबल्या.
लोक एकमेकांकडे बघू लागले
जसं काही कुणाचं नाव विसरलेत.
नव्वदीच्या मिसेस टॉलिव्हर
कोटाची कॉलर वर ओढत म्हणाल्या,
कुणी दार उघडलं का गं?

पिन खोचली. समेची वाट पाहिली,
हात धावत होता, धावू दिला नाही.
मग खालचा सूर.
मिसेस टॉलिव्हरनी कॉलर सोडली.
का सोडली, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

निघताना त्या क्लीव्हनला म्हणाल्या, ड्रम छान.
मला म्हणाल्या, मासा गरम होता.
मिस्टर ब्रॉडनॅक्स जिन्याजवळ बसून
काटे काढत होते, एकेक, थाळीच्या कडेला.
मान वर न करता म्हणाले,
सोमवारी चौथं गाणं.
एकाच सुराचं आहे.
अवघड आहे.